हिशेब मागणारा गद्दार नसतो



पहाटे पाळीला जाताना मी ज्या रस्त्याने माहीम स्टेशन गाठतो त्याचं नाव लेडी जमशेटजी रोड. पुढं तोच रस्ता खाडीवरच्या बांधावर चढतो आणि वांद्र्याला उतरतो. १८४० च्या दशकात हा बांध झाला. सरकार पैसा घालायला तयार नव्हतं. खाडीत होड्या बुडायच्या, माणसं मरायची. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या बायकोनं, लेडी आवाबाईंनी, एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले. देताना अट घातली, की या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडून टोल घ्यायचा नाही.

ही अट मला आवडते. पैसा कुठून आला तेही आपण विसरायचं नाही. तो चीनच्या व्यापारातला पैसा, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूच्या पेट्या होत्या. त्या पेट्या याच मुंबईच्या बंदरातून गेल्या. उचलणाऱ्या हमालांचं नाव कुठल्याच रस्त्याला नाही. तरी पण बाईला एक गोष्ट कळली होती. दान देऊन भागत नाही. दिलेल्या पैशावर उद्या दुसराच कुणी बसेल आणि लोकांकडून वसुली करील. म्हणून तिनं आधीच लिहून घेतलं.

आपण काय लिहून घेतलंय? आपल्या विहारांत, अभ्यासिकांत, वसतिगृहांत, जयंती मंडळांत, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या संस्थांत? या अंकाचं संपादकीय त्यावर आहे. काहींना झोंबेल. झोंबू दे.

मुंबईत 'ट्रस्ट' या शब्दाला तोटा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारनं १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याच्या बी.आय.टी. चाळी अजून उभ्या आहेत. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेबांनी संसार केला. आमच्या गोदीलाही १८७३ पासून पोर्ट ट्रस्टच म्हणत. २०२१ च्या कायद्यानं त्याचं प्राधिकरण झालं, पण म्हातारे कामगार अजून 'पोर्टट्रस्टात होतो' असंच सांगतात. ट्रस्ट म्हणजे विश्वास. विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला तो. मालक नव्हे. ही साधी गोष्ट आपल्या भल्याभल्या पुढाऱ्यांच्या डोक्यात शिरत नाही.

मी मॅट्रिक झालेला माणूस. कायदा मला कुणी कॉलेजात शिकवला नाही. पण हिशेब मला गोदीनं शिकवला. बोटीतून डाळीची पोती उतरत असली की दोन माणसं मोजत असतात. एक बोटीच्या बाजूचा, एक गोदीच्या बाजूचा. प्रत्येक स्लिंगमागे दोघांच्या कागदावर रेघ पडते. पाळी संपली की दोन्ही कागद समोरासमोर. जुळले नाहीत तर मुकादम कितीही जुना असो, टोळी कितीही इमानदार असो, पुन्हा मोजणी. त्यात कुणी म्हणत नाही, की माझ्यावर विश्वास नाही काय? मोजणं हा अपमान नसतो हे अंगठा उठवणाऱ्या हमालाला कळतं. आपल्या अध्यक्षांना कळत नाही.

आता थोडं मागं जाऊ.

आपल्या नावानं चाललेल्या संस्थांचा इतिहास बघा. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. शिंदे मनाचा मोठा माणूस, परळला शाळा चालवली, आपल्या पोरांना जवळ घेतलं. पण मिशनचे अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. खुर्च्या वरच्यांच्या आणि बाकं आमची. १९३२ साली पुणे करार झाला आणि मुंबईतच ३० सप्टेंबरला अस्पृश्यता निवारणाचा संघ निघाला, तोच पुढं हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. बाबासाहेब लंडनला जात होते. १४ नोव्हेंबर १९३२ ला त्यांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिलं. विहिरी, शाळा, चावडी, गाड्या इथला हक्क मिळवायला लढा, नोकरीत समान संधी द्या, आणि काम करणारे लोक अस्पृश्यांतून घ्या, असं त्याचं सार. पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं त्यांनी पुढं १९४५ च्या पुस्तकात नोंदवून ठेवलंय. बाबासाहेब त्या संघातून बाहेर पडले आणि कारभार पूर्ण सवर्णांच्या हातात राहिला. गांधींचं म्हणणं असं की पाप सवर्णांचं, प्रायश्चित्त सवर्णांनी करायचं, तेव्हा संघही त्यांनीच चालवायचा.

म्हणजे पैसा आमच्या नावानं जमा होणार, आणि तो कसा खर्चायचा हे विचारायला आम्हाला जागा नाही. याला खैरात म्हणतात.

याच्या उलट १९२४ बघा. ९ मार्चला परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिथंही अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. पण कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब आणि चिटणीस शिवतरकर. रोजचा कारभार, निर्णय, पैसा कुठं जातो, हे आपल्या माणसांच्या हातात. दुसऱ्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली. आत्ताआत्ता अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेल्या बॅरिस्टरनं पहिलं काम केलं ते नोंदणीचं. भाषण त्यांना येत नव्हतं म्हणून नव्हे. कागद नसलेली संस्था एका माणसाच्या खिशात जाते हे ते ओळखून होते.

पुढं १९४४ ला पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज. गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या बापांची पोरं त्या कॉलेजांतून बाहेर पडली. आपल्या साहित्याची अर्धी पिढी तिथं घडली. त्या सोसायटीत नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अध्यक्ष कोण, खरी कार्यकारिणी कुठली, यावर गटांची भांडणं, धर्मादाय आयुक्तांपासून हायकोर्टापर्यंत. भिंतींचे पोपडे पडतायत आणि वकिलांची फी चालू आहे.

आणि दादरचं आंबेडकर भवन. २५ जून २०१६. मध्यरात्र उलटल्यावर बुलडोझर आला आणि गोकुळदास पास्ता गल्लीतलं भवन आणि बुद्धभूषण प्रेस जमीनदोस्त झालं. ज्या छापखान्याशी 'प्रबुद्ध भारत'चं नाव जोडलंय, तो छापखाना. पाडलं कुणी? शिवसेनेनं नाही, पेशव्यांनी नाही. बाबासाहेबांनीच काढलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नावानं पाडलं. ट्रस्टचे सल्लागार होते रत्नाकर गायकवाड, माजी मुख्य सचिव आणि त्या वेळी राज्याचे मुख्य माहिती आयुक्त. ट्रस्टचं म्हणणं, इमारत धोकादायक होती, तिथं सतरा मजली नवं भवन बांधायचं आहे. आंबेडकर कुटुंबाचं आणि कार्यकर्त्यांचं म्हणणं, हा वारसा आहे, आणि या लोकांना हे करायचा अधिकारच काय?

मी तेव्हा शाळेत होतो. १९ जुलैच्या मोर्चाला आईबरोबर भायखळ्याला गेलो. पाऊस आणि माणसांचा समुद्र. घोषणा देऊन घसा बसला. पण आज विचार करतो तेव्हा एक प्रश्न टोचतो. त्या गर्दीतल्या किती जणांनी त्या ट्रस्टच्या विश्वस्तांची नावं २४ जूनपर्यंत ऐकली होती? कोण कधी नेमला, कुणाच्या जागी नेमला, कुठल्या बैठकीत काय ठराव झाला, हे आपल्याला ठाऊक होतं? नव्हतं. इमारत धोकादायक असेल किंवा नसेल. नवी बांधायची असेल तर लोकांना दिवसाढवळ्या बोलवा, कागद दाखवा, प्रेस आधी सांभाळून हलवा. जे रात्री करावं लागतं त्याला लोकांची संमती नसते. आणि लोक झोपलेले असतात म्हणून रात्री करता येतं. आपण वर्षानुवर्षं झोपलो होतो, हीसुद्धा तेवढीच खरी गोष्ट.

आता कायदा. कंटाळू नका, हे पोटापाण्याचं आहे.

मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, १९५०. आता नाव बदलून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा. देऊळ, विहार, शाळा, दवाखाना, अभ्यासिका, जे लोकांसाठी आहे ते यात येतं. कचेरी वरळीला, डॉ. अॅनी बेझंट रोडवर. तिथं प्रत्येक नोंदलेल्या ट्रस्टचं एक पान असतं. त्याला परिशिष्ट एक म्हणतात. त्या पानावर विश्वस्तांची नावं, मालमत्ता, उद्देश. नक्कल मागता येते. विश्वस्त मेला, बदलला, राजीनामा दिला, की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, कलम २२. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, कलम ३३. हिशेबनीसानं गडबड दिसली तर लिहायचं, कलम ३४. आणि सगळ्यांत महत्त्वाचं कलम ३६. ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकायची, बदलून घ्यायची, दान द्यायची, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बाकी जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. आधी. सही केल्यावर नव्हे. मंजुरी नसेल तर तो व्यवहार कायद्यानं टिकत नाही.

विश्वस्त हिशेब देत नाही, पैसा खातो, कर्तव्य टाळतो, तर कलम ४१-ड खाली त्याला निलंबित करता येतं, काढता येतं. अर्ज कोण करू शकतो? 'हितसंबंध असलेली व्यक्ती'. सोसायटी असेल तर सभासद. ट्रस्ट असेल तर विश्वस्त किंवा ज्याच्यासाठी तो ट्रस्ट आहे तो लाभार्थी. म्हणजे अभ्यासिकेत बसून बारावीचा अभ्यास करणारी आपली पोरगी. तिला कायद्यानं तोंड दिलंय. आपण तिला सांगितलं का?

हे सगळं मला का पाठ झालं ते सांगतो.

आमच्या वस्तीत एक विहार आहे. खाली विहार, वर अभ्यासिका. गेल्या पिढीनं बांधला. कुणी गिरणीत, कुणी म्युनिसिपालटीत झाडूवर, कुणी माझ्या बापासारखं गोदीत. पगाराच्या दिवशी घरटी पैसे काढून विटा आणल्या. जागा ट्रस्टच्या नावावर. मी त्या अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटखाली मॅट्रिक झालो, पहिली कविता तिथंच लिहिली, घरात दिवा मालवल्यावर जायचो.

दोन वर्षांपूर्वी बिल्डरचा माणूस येऊ लागला. मग कुजबूज, की आमच्या अध्यक्षांनी कसल्याशा कागदावर सही केली. आम्ही चार पोरं विचारायला गेलो. अध्यक्ष म्हणजे आमचे दादा. आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस, नामांतराच्या वेळी जेलात गेलेला. डाव्या हाताचं कोपर अजून सरळ होत नाही. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. दादांनी चहा दिला आणि म्हणाले, "मी जेलात होतो तेव्हा तुमचा जन्म नव्हता. तुम्ही मला हिशेब विचारता?"

आम्ही गप्प बसलो. खाली उतरलो. कोपऱ्यावर एक जण म्हणाला, "दादा बरोबर बोलले यार. आपली लायकी काय?" मला रात्री झोप आली नाही. लाठी खाल्ली हे खरं. आणि कागदावर सही केली हेही खरं. पहिल्याचं मोल म्हणून दुसरं माफ करायचं का? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, की धर्मात भक्ती ठीक असेल, पण राजकारणात भक्ती माणसाला अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. आपण त्या भाषणाचे फलक लावतो. फलकाखाली उभं राहून दादांच्या पाया पडतो.

सुट्टी टाकून वरळीला गेलो. अर्ज, स्टँप, तीन चकरा, बुडालेले तीन रोज. परिशिष्टाची नक्कल हातात आली. सात विश्वस्त. त्यातले पाच मेलेले. एकाला तर मीच खांदा दिला होता. सहावे काका गाव सोडून गेले त्याला पंधरा वर्षं झाली. सातवे दादा. वीस वर्षांत एकही बदल अर्ज नाही. कागदोपत्री आमचा विहार पाच मढी चालवतायत.

नक्कल घेऊन पुन्हा दादांकडे गेलो. या वेळी त्यांनी ती हातात घेतली, चष्मा लावला, एकेक नाव बोटानं वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळे गेले रे. मी एकटाच वाहतोय हे. लाइट बिलसुद्धा माझ्या पेन्शनीतून भरतो. तुमच्यापैकी कोण आलं कधी बैठकीला?"

हे ऐकून माझा निम्मा राग उतरला. कारण खरंच कोण आलं होतं? बिल्डर मात्र दर आठवड्याला येत होता. तो दादांच्या औषधाची चौकशी करत होता. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला जो भेटतो त्याच्या कागदावर तो सही करतो. सही चूक आहे, कलम ३६ ची मंजुरी नाही, ती आम्ही टिकू देणार नाही. पण त्या सहीत आमच्या गैरहजेरीचाही अंगठा आहे.

आता माझी पाळी.

दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला मी खजिनदार होतो. वस्तीतल्या पोरांचं जयंती मंडळ, नोंदणी नाही. नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी काढायची तर त्याच कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. आम्ही घेतली नव्हती. आम्हाला ठाऊकच नव्हतं असं मी म्हणेन, पण कुणाला विचारलंही नव्हतं. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो. एक आजी, चार घरी भांडी घासते, तिनं पन्नासची नोट दिली. पावती घेतली नाही. म्हणाली, "भीमाच्या नावाला पावती कशाला?" जयंती झाली. मंडप गेला. दोन महिन्यांनी तीच आजी नळावर भेटली. "पोरा, औंदा हिशेबाचा कागद नाय लावला व्हय?" मी म्हटलं, "लावतो आजी." लावला नाही.

तो इथं लावतो. जमा ४१,२५० रुपये. मंडप ११,५००. साउंड १४,०००. खीर, पाणी, नाश्ता ७,८००. पोरांना वह्या-पुस्तकं ४,६००. एकूण खर्च ३७,९००. उरले पाहिजेत ३,३५०. ते नाहीत. पावती नाही, शिल्लक नाही. मी खाल्ले असं मला आठवत नाही. चहापाणी, रिक्षा, कुणाला उसने, असं गेलं. पण कुठं गेलं हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं खाल्ले असंच लोकांनी समजावं. ३,३५० मी पगारातून तीन हप्त्यांत भरतोय. पहिला हप्ता भरला. पावती अभ्यासिकेच्या दारावर आहे.

आणि वरचे आकडे पुन्हा वाचा. साउंडला १४,०००, पुस्तकांना ४,६००. ज्यानं ग्रंथांसाठी घर बांधलं त्याच्या जयंतीला आपण पुस्तकांच्या तिप्पट पैसा आवाजावर घातला. हे मला त्या दिवशी दिसलं नाही. कागदावर मांडलं तेव्हा दिसलं. हिशेब चोर पकडायला लागतो तसा स्वतःला ओळखायलाही लागतो.

काही मित्र म्हणतील, की तू सरकारी कचेरीची भलामण करतोस. नाही करत. धर्मादाय आयुक्तांची कचेरी काय चीज आहे ते तीन रोज बुडवून बघितलंय. बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात. वाद चालू असताना जो खुर्चीवर बसलाय तो बसूनच राहतो, आणि उशीर हाच त्याचा वकील होतो. ज्याच्याकडे पैसा त्याला ही व्यवस्था झुकते. इंग्लंडात १८५३ पासून धर्मादाय आयोग आहे. आज तिथं कुणीही घरबसल्या मोठ्या संस्थेचा ताळेबंद आणि विश्वस्तांची नावं बघू शकतो. आपल्याकडेही प्रत्येक ट्रस्टचा हिशेब मराठीत, फुकट, मोबाइलवर दिसला पाहिजे. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आणखी एक कलम बघा, ४१-कक. ज्या धर्मादाय रुग्णालयांनी सवलती घेतल्या त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. २००६ साली मुंबई हायकोर्टानं त्याची योजना आखून दिली, बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायला लावली. किती वस्त्यांत हे ठाऊक आहे? आपली माणसं मंगळसूत्र मोडून बिल भरतात आणि वर डॉक्टरांचे उपकार मानतात. उपकार कसले? धर्मादाय म्हणून सवलत घेतली, त्याची ही फेड आहे. हक्क म्हणून मागा, फळीवर उभं राहून कायदा वाचून दाखवा.

हेही ऐका. २०२५ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. तहहयात विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावी. चर्चा झाली ती टाटांच्या मोठमोठ्या ट्रस्टांची. पण मला आठवले आमच्याच गल्लीतले तहहयात अध्यक्ष, तहहयात सरचिटणीस, तहहयात मार्गदर्शक. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला, दोनेक वर्षांत फुटला. १९७२ ला पँथर उठली, १९७४ ला फुटली. प्रत्येक फुटीला तत्त्वाचं नाव दिलं गेलं, काही वेळा ते खरंही असेल. पण खुर्ची कधी सोडायची हे आधी लिहून ठेवलं नाही, की सोडण्याची वेळ आली की चळवळच सोडावी लागते, एवढं आपण पन्नास वर्षांत शिकलो नाही.

आता करायचं काय ते सांगतो. मोठा कार्यक्रम नाही.

तुमच्या वस्तीतला विहार, अभ्यासिका, मंडळ, जे काही नोंदलेलं असेल त्याच्या परिशिष्टाची नक्कल काढा. मेलेल्यांची नावं बघा. जिवंत म्हाताऱ्यांना भेटा, शिव्या द्यायला नव्हे, बदल अर्जावर सही घ्यायला. नव्या विश्वस्तांत निम्म्या बाया घ्या. वर्गणी त्या जास्त देतात आणि विसरत त्याच नाहीत, हे मी नळावर शिकलो. मुदत लिहा, पाच वर्षं, नंतर उठा. सहा महिन्यांनी हिशेब दारावर चिकटवा, मोठ्या अक्षरात, म्हातारीला वाचता येईल असा, आणि जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा. जागेच्या कुठल्याही कागदावर सर्वांच्या सभेशिवाय आणि कलम ३६ च्या मंजुरीशिवाय सही नाही. जो हिशेब मागेल त्याला गद्दार म्हणणाऱ्याला आधी विचारा, तुझा कुठाय?

या मासिकाचाही हिशेब घ्या. मागचा अंक ५०० प्रती छापल्या, छपाई १४,०००. विकल्या ३१०, तीस रुपयांनी ९,३०० आले. देणग्या ३,२००. तूट १,५००, ती आम्ही तिघांनी वाटून घेतली. उरलेल्या प्रती अभ्यासिकेत आहेत, मोजून घ्या.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला आमच्या विहारात सभा आहे. दादा येणार आहेत. बदल अर्ज तयार आहे, नवीन सात नावं लोकांनी तिथंच ठरवायची. बिल्डरच्या कागदाची नक्कल दादांनी स्वतः आणून दिली, ती सभेत वाचली जाईल. भांडण होईल. होऊ दे. दादांना पहिल्या रांगेत खुर्ची आहे आणि त्यांनी लाठी खाल्ली हेही मीच आधी सांगणार आहे. मग वीस वर्षांचं वहीखातं उघडू. बिघडलंय किती आणि उरलंय किती, ते सगळ्यांसमोर मोजू.

मी गोदीतून टॅलीचा एक कोरा कागद आणलाय. दोन माणसं मोजतील, दोन्हीकडून.

जय भीम.